राखेवरचे रान

पश्चिम जावात, जकार्ताच्या दक्षिणेला, बोगोर, चियांजुर आणि सुकाबुमी या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकत्र येतात, तिथे गेडे आणि पांग्रांगो ही दोन ज्वालामुखी शिखरे एका खिंडीने जोडलेली आहेत. गेडेची उंची २,९५८ मीटर आणि पांग्रांगोची ३,०१९ मीटर आहे. पाऊस, हवामान आणि मूळ खडक या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही, मात्र गेडेच्या मुखातून आजही गंधकाच्या वाफा निघतात आणि त्याचा नोंदला गेलेला शेवटचा उद्रेक १९५७ मधला आहे, तर पांग्रांगो दीर्घकाळ शांत असून त्याच्या माथ्यापर्यंत झाडी चढली आहे. ज्वालामुखीची माती सुपीक असते, हे विधान भूगोलाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि ते कुठे अपुरे पडते हे समजून घेण्यासाठी या जोडशिखरांच्या उतारांइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. येथील राख, तिच्यापासून झालेली माती आणि त्या मातीवरचे अरण्य यांचा अभ्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ सातत्याने होत आला आहे. उतारावरील चिबोदासचे वनस्पती उद्यान योहानेस तेइसमान यांनी १८५२ मध्ये उभारले आणि १८९१ मध्ये अरण्याच्या कडेलाच तेथे एक प्रयोगशाळाही सुरू झाली.

ज्वालामुखीच्या राखेला राख म्हणत असले, तरी तिच्यात काहीही जळलेले नसते. पृथ्वीच्या पोटातला शिलारस वर येऊ लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, त्यात विरघळलेले वायू आणि पाण्याची वाफ एकदम मोकळी होते आणि त्या स्फोटात शिलारसाच्या चिंधड्या उडून त्या हवेत फेकल्या जातात. यांपैकी दोन मिलिमीटरांहून बारीक कणांना राख म्हणतात. हे कण क्षणार्धात थंड होतात, त्यामुळे त्यांतील अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसायला अवधी मिळत नाही आणि त्यांची काच होते. स्फटिकातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, काचेतले तितके घट्ट नसतात, म्हणून पाणी काचेला स्फटिकापेक्षा फार लवकर विरघळवते. वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, सतत ओल्या राहणाऱ्या उतारावर अशी काच पसरली म्हणजे झिजेचा वेग किती वाढत असेल, याची कल्पना करता येते. एरवी खडकाची माती व्हायला जो काळ लागतो, त्याच्या अल्पशा अंशात येथे माती तयार होते, आणि या मातीचे बहुतेक गुण आणि दोष या घाईतूनच आलेले आहेत.

वनस्पतीला लागणारी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, लोह, स्फुरद ही बहुतेक द्रव्ये ताज्या राखेत असतात, पण नत्र जवळजवळ नसते, कारण शिलारसात ते टिकत नाही. ही उणीव पहिल्या वसाहतकारांना स्वतःच भरून काढावी लागते. १८८३ मध्ये सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाताऊ बेट उद्रेकात उद्ध्वस्त झाले, त्यानंतर तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, बोगोरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक मेल्खिओर ट्रूब तेथे गेले, तेव्हा त्यांना राखेवर निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर आणि त्या थरावर रुजलेले नेचे आढळले. या गटातले अनेक जीव हवेतील नत्र बांधू शकतात. जावाच्या डोंगरमाथ्यांवर पुढे हेच काम शिरीष-बाभळीच्या कुळातला एक लहानसा वृक्ष करतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जीवाणू राहतात आणि आगीनंतर किंवा उद्रेकानंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर तो झपाट्याने पसरतो. म्हणजे अरण्याची पहिली गरजसुद्धा राख एकटी भागवू शकत नाही.

काच विरघळते तेव्हा तिच्यातून मुख्यतः दोन द्रव्ये पाण्यात उतरतात, सिलिका आणि ॲल्युमिनियम. सिलिकेचा बराच भाग पावसाच्या पाण्याबरोबर खोल निघून जातो, तर ॲल्युमिनियम जागीच राहते, आणि उरलेल्या सिलिकेशी संयोग पावून त्याचे ॲलोफेन नावाचे खनिज बनते. याला खनिज म्हणायचे ते थोडे सैल अर्थाने, कारण त्यात दूरवर पसरलेली नियमित स्फटिकरचना नसते. ॲलोफेनचा एकेक कण म्हणजे आतून पोकळ असा सूक्ष्म गोळा असतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढा असतो आणि त्याच्या भिंतीला बारीक छिद्रे असतात. त्याच्याच जोडीला इमोगोलाइट नावाचे, नळीच्या आकाराचे खनिज आढळते, ज्याचे वर्णन जपानी संशोधकांनी १९६२ मध्ये प्रथम केले. गोळे पोकळ आणि नळ्याही पोकळ असल्यामुळे या मातीच्या एका ग्रॅममध्ये काही शे चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो, आणि त्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचे अणू काहीतरी पकडण्यासाठी मोकळे असतात.

ते सर्वांत आधी धरतात ते कुजलेला पालापाचोळा. पाने, मुळे, शेवाळ आणि मेलेले सूक्ष्मजीव कुजून जे गडद सेंद्रिय द्रव्य उरते त्याला ह्यूमस म्हणतात. साध्या उष्ण कटिबंधीय मातीत जीवाणू ते काही वर्षांत संपवून टाकतात, पण राखेच्या मातीत ॲल्युमिनियमशी जखडलेले ह्यूमस जीवाणूंच्या आवाक्याबाहेर जाते आणि शतकानुशतके साठत राहते. त्यामुळेच या मातीचा वरचा थर तपकिरी-काळा दिसतो, आणि जपानीतील 'गडद माती' अशा अर्थाच्या शब्दांवरून तिला अँडोसोल हे नाव मिळाले. जगाच्या भूपृष्ठावर तिचा वाटा जेमतेम एक-दोन टक्क्यांचा आहे, पण मातीत साठलेल्या एकूण कार्बनमध्ये तिचा हिस्सा त्या प्रमाणाहून मोठा भरतो.

चिबोदासच्या वरच्या अरण्यात अशी माती हातात घेतली तर ती अपेक्षेपेक्षा फार हलकी लागते. शेतातल्या सामान्य मातीचा एक घनसेंटिमीटर सुकल्यावर सव्वा ते दीड ग्रॅम भरतो, या मातीचा पाऊण ग्रॅमही न भरणे नवलाचे नाही, कारण तिच्या आकारमानाचा मोठा भाग पोकळ्यांनी व्यापलेला असतो. तिच्यात स्वतःच्या कोरड्या वजनाहून अधिक पाणी मावू शकते, तरीही ती चिखल वाटत नाही. बोटांत धरून दाबली, की कोरडीशी वाटणारी ढेप एकाएकी बुळबुळीत होते आणि तिच्यातून पाणी सुटते. दाब काढला की पुन्हा घट्ट होते. मोठ्या पोकळ्यांतून जादा पाणी झरझर निचरून जाते, लहान पोकळ्यांत ओल टिकते, आणि मुळांना हवा व पाणी दोन्ही एकाच वेळी मिळते. ज्या अवस्थेला मराठी शेतकरी वाफसा म्हणतो, ती या मातीत जवळपास बारमाही असते.

पण ही ओल एकदा पूर्ण उडाली, तर परत येत नाही. ॲलोफेनचे पोकळ गोळे उन्हात कोरडे पडले की एकमेकांना चिकटून त्यांचे कठीण, वाळूसारखे दाणे बनतात, आणि भाजलेल्या मडक्याची माती जशी पाण्यात घालूनही पुन्हा कालवता येत नाही, तसे हे दाणे पुन्हा मूळ स्थितीला येत नाहीत. जोवर माथ्यावर झाडांचे छत्र आणि पायाशी पाचोळ्याचा थर आहे, तोवर हा धोका संभवत नाही. म्हणजेच या मातीची पाणी धरण्याची जी कीर्ती आहे, ती मातीइतकीच तिच्यावरच्या सावलीची आहे.

दुसरा धोका रासायनिक आहे आणि शेतीच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. ॲल्युमिनियमचे जे मोकळे अणू ह्यूमस धरून ठेवतात, तेच अणू स्फुरदही धरतात, आणि इतके घट्ट धरतात की मुळांना ते सहजासहजी सुटत नाही. अमेरिकी मृदावर्गीकरणात १९९० पासून या मातीला अँडिसोल नावाचा स्वतंत्र वर्ग मिळाला. तिच्या ओळखीच्या कसोट्यांपैकी एक अशी, की ठरावीक द्रावणातून दिलेल्या स्फुरदापैकी ८५ टक्क्यांहून अधिक स्फुरद तिने अडवून धरले पाहिजे. प्रयोगशाळेतली ही कसोटी शेतात उतरते तेव्हा तिचा अर्थ असा होतो, की पिकाला दिलेल्या खताचा मोठा भाग पिकाआधी मातीच गिळते. ज्या मातीत स्फुरदाचा एकूण साठा भरपूर आहे, तिच्यावरच्या झाडाला स्फुरदाची चणचण भासावी, हा या मातीचा सर्वांत मोठा विरोधाभास आहे.

अरण्याने यावर जो तोडगा काढला आहे तो असा, की स्फुरद शक्यतो खनिज मातीपर्यंत जाऊच द्यायचे नाही. गळालेले पान जमिनीवर पडते, बुरशीचे धागे त्यात शिरतात, आणि पानातून सुटणारे स्फुरद खाली झिरपण्याआधीच ते धागे मुळांकडे वळवतात. मुळे आणि बुरशी यांच्या या भागीदारीला कवकमूळ म्हणतात. झाड बुरशीला साखर पुरवते आणि बुरशी झाडाला स्फुरद पुरवते. येथील वृक्षांची अन्नशोषक बारीक मुळे बहुतांशी पाचोळ्यात आणि त्याच्या लगतच्या थरात दाटलेली असतात ती यामुळेच. या उतारावरची सुपीकता राखेच्या साठ्यापेक्षा या फिरत्या चक्रात अधिक आहे, आणि चक्र फिरते ठेवणारे सर्व घटक सजीव आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न सहज उभा राहील. दख्खनचे पठारही ज्वालामुखीचेच, मग त्याच्यावरची काळी माती याच जातीची का नाही? दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी शांतपणे वाहत आलेल्या लाव्हाचा, म्हणजे स्फटिकांत गोठलेल्या घट्ट खडकाचा आहे. तो हळूहळू झिजला, आणि कोरड्या-ओल्या ऋतूंच्या आलटून-पालटून येण्यात त्याची फुगणारी व आकसणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी चिकणमाती झाली. तिचा काळेपणा अँडोसोलच्या काळेपणाशी नाते सांगत नाही. खरी ज्वालामुखी राख महाराष्ट्रात सापडते ती पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या गाळात, आणि ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर संशोधकांत मतभेद आहेत. नदीच्या गाळाखाली पुरली गेलेली ती राख आजही काचेच्या कणांच्या रूपात ओळखू येते, तिची अँडोसोल झाली नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण नीलगिरीत आढळते. तेथील खडक ज्वालामुखीचा नाही, तो फार प्राचीन चार्नोकाइट आहे, तरीही दोन हजार मीटरांच्या आसपासच्या थंड, ओल्या पठारावर शोला अरण्याखाली आणि गवताळ माळाखाली अँडोसोलचे गुण असलेली माती संशोधकांनी नोंदवली आहे. दीर्घकाळच्या झिजेतून उरलेले ॲल्युमिनियम आणि लोह, त्यात थंडीमुळे सावकाश कुजणारे सेंद्रिय द्रव्य, एवढ्यावरच ती तयार झाली. राखेवाचून अशी माती होऊ शकते, पण ओल आणि वनस्पतींवाचून होऊ शकत नाही, असा निष्कर्ष या दोन भारतीय उदाहरणांवरून निघतो.

गेडेच्या उतारावर खालून वर जाताना माती आणि रान दोन्ही बदलत जातात. पायथ्याकडे उष्णता अधिक असल्याने झीज पुढच्या टप्प्याला पोहोचली आहे. तेथे ॲलोफेनची जागा आधी हॅलॉयसाइट आणि मग केओलिनाइट या स्फटिकी चिकणखनिजांनी घेतली आहे आणि लोहामुळे माती तांबडी झाली आहे. साधारण हजार मीटरांच्या वर हवा थंड होते, कुजण्याचा वेग मंदावतो आणि गडद अँडोसोल सुरू होते. जावाच्या डोंगरांचे असे उंचीनुसार पट्टे पाडून त्यांचे वर्णन करण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात फ्रान्त्स युंगहुन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने केली. जावाच्या पर्वतीय वनस्पतींवरचा व्हान स्टेनिस यांचा १९७२ मधील ग्रंथ हा याच परंपरेतला आहे.

हजार ते दीड हजार मीटरांच्या पट्ट्यात रासामाला या वृक्षाचे राज्य आहे. त्याचे सरळ, फिकट खोड ५० मीटरांच्याही वर जाते, आणि दुरून पाहिले तर बाकीच्या छत्रातून त्याचा माथा एकटाच बाहेर आलेला दिसतो. त्याच्या सोबतीला चहाच्या कुळातला पुस्पा, चेस्टनटच्या जातीचा सानिन्तेन आणि ओकच्या कुळातले इतर वृक्ष असतात. पुस्पाची जात ईशान्य भारतातही वाढते. फांद्यांवर घरट्याच्या आकाराचे मोठे नेचे, आमरी आणि शेवाळ यांची दाटी असते, तळाशी बेगोनिया आणि तेरड्याच्या रानटी जाती फुलतात, आणि जावातच आढळणारा रुपेरी गिबन फळे खाऊन बिया दूरवर टाकत छत्रातून फिरतो. दीड हजारांच्या वर रासामाला मागे पडतो आणि ओक, लॉरेल व जामुजूसारखे सूचिपर्णी वृक्ष पुढे येतात. आणखी वर धुके रोजचेच होते, झाडांची उंची घटते, पाने लहान व जाड होतात, खोडे शेवाळाने मढतात, आणि फांद्यांवरून दगडफुलाच्या जातीच्या लांब दाढ्या लोंबू लागतात. या पट्ट्यात पाऊस नसतानाही धुक्याचे थेंब पानांवर जमून जमिनीवर ठिबकतात. पाचोळा येथे इतका हळू कुजतो, की त्याचा काळसर, आम्लधर्मी गादीसारखा थर खनिज मातीवर साठतो आणि मुळे त्यातच पसरतात.

दोन हजार चारशे मीटरांच्या पलीकडे दोन्ही शिखरांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि येथे मातीचे वय स्पष्ट बोलू लागते. पांग्रांगोवर जुन्या राखेची माती पक्की झालेली असल्यामुळे खुजे का होईना, पण सलग अरण्य माथ्यापर्यंत जाते, आणि शिखराजवळच मांडालावांगी नावाचे लहानसे कुरण उघडते. गेडेवर मुखाच्या कडेला राख कोवळी आहे, वाफांतील गंधकामुळे आम्ल आहे, आणि तिच्यावर चान्तिगी हे ब्लूबेरीच्या कुळातले, वाकड्या खोडाचे झुडूप जवळजवळ एकट्यानेच तग धरते. त्याची कोवळी पाने लालभडक असतात. चान्तिगीच्या मुळांतली बुरशी आम्ल आणि नत्रहीन जमिनीतूनही अन्न मिळवू शकते, ही त्याच्या टिकावाची एक मोठी किल्ली आहे. मुखाच्या पूर्वेकडे, सुमारे २,७५० मीटरांवर, सूर्यकंचना हे जवळपास ५० हेक्टरांचे मोकळे मैदान आहे आणि त्यावर जावाचे एडेलवाइस, पांढऱ्या लोकरी पानांचे बारमाही झुडूप, झुबक्यांनी वाढते. कोवळ्या ज्वालामुखी जमिनीवर प्रथम येणाऱ्या वनस्पतींत त्याची गणना होते आणि तेही कवकमुळांच्या आधारे जगते. माती पिकून वृक्ष दाटू लागले की त्यांच्या सावलीत ते मागे हटते. त्यामुळे गिर्यारोहकांनी फुले तोडण्याइतकाच, किंबहुना त्याहून निश्चित असा त्याचा शत्रू म्हणजे पुढे सरकणारे अरण्य होय.

१८६१ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या शिखरांवर चढले, तेव्हा विषुववृत्ताजवळच्या या माथ्यावर त्यांना व्हायोलेट, बटरकप, हनीसकल अशा समशीतोष्ण प्रदेशांतल्या वनस्पतींचे आप्त भेटले, आणि हिमयुगातील थंडीत ही कुळे दक्षिणेकडे सरकून नंतर डोंगरमाथ्यांवर अडकली असावीत, असे त्यांनी मांडले. पांग्रांगोवरची पिवळी, मजल्यामजल्यांनी फुलणारी प्रिम्युला त्या काळी फक्त याच शिखराची मानली जात असे. आज तिला हिमालय आणि खासी टेकड्यांतील जातीशी एकच मानतात.

वनस्पतींनी मातीवर उमटवलेला ठसा कधी कधी रंगातही दिसतो. जपानमध्ये एकाच राखेवर, शेजारशेजारी, अरण्याखाली तपकिरी आणि उंच गवताखाली कोळशासारखी काळी अँडोसोल आढळते, कारण गवताच्या मुळांतून आणि वारंवारच्या वणव्यांतून बनणाऱ्या ह्यूमसची घडण वेगळी असते. झाडी पुन्हा वाढली तरी तो काळेपणा दीर्घकाळ टिकतो, आणि पूर्वी तेथे माळ होता हे मातीवरून सांगता येते.

गेडे-पांग्रांगोचे अरण्य १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. इंडोनेशियातल्या पहिल्या पाच उद्यानांत त्याचा समावेश होता. त्याच्या सीमेबाहेर मात्र चहाचे मळे आणि गाजर, कोबी, कांदापात यांची शेते उतारभर पसरली आहेत. चहाचे येथे चांगले जमते, कारण ते आम्ल माती पसंत करते आणि ॲल्युमिनियम पानांत साठवून सहन करते. भाजीपाल्याला ती सोय नाही. माती हलकी, खणायला सोपी आणि ओलसर, म्हणून शेतकरी वर चढत गेला हे समजण्यासारखे आहे, पण छत्र गेले की वरचा थर उन्हात वाळून दाणेदार होतो, पावसात वाहू लागतो, आणि स्फुरदाचे खत मातीत अडकून बसते. भरपूर शेणखत घातल्याने थोडा दिलासा मिळतो तो त्यातील सेंद्रिय आम्ले ॲल्युमिनियमच्या त्याच जागा व्यापतात म्हणून. अरण्य जे फुकट करत होते, ते येथे शेतकऱ्याला पाठीवर वाहून आणावे लागते. विसाव्या शतकात एडवर्ड मोर या डच मृदाशास्त्रज्ञाने जावाची दाट लोकवस्ती आणि जागृत ज्वालामुखी यांचा संबंध दाखवून दिला होता, आणि तो खराच आहे, पण त्या संबंधाचा मोठा भाग नद्यांनी खाली आणलेल्या ताज्या गाळाच्या भातखाचरांवर उभा आहे. तोच न्याय उंच उतारांना लावणे महागात पडते.

उतारांचा आणखी एक स्वभाव २१ नोव्हेंबर २०२२ रोजी दिसला. त्या दिवशी चियांजुरला ५.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तीनशेहून अधिक माणसे दगावली, आणि गेडेच्या पायथ्याच्या चुगेनांग भागात दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. एकावर एक साचलेल्या राखेच्या थरांत पाणी भरलेले असते, त्यांतला एखादा चिकण थर हादऱ्याने घट्टपणा सोडतो आणि त्याच्यावरचा सर्व भार सरकतो. मुळे वरचा मीटर-दोन मीटरांचा थर धरून ठेवतात, उथळ दरडींना अटकाव करतात. खोलवरच्या घसरणीपुढे त्यांचे काही चालत नाही, आणि म्हणून अशा उतारावर घर कुठे बांधावे याचा निर्णय झाडांवर सोपवून चालत नाही.

उद्यानाची हद्द २००३ मध्ये वाढवण्यात आली, तेव्हा पूर्वी लाकडासाठी राखलेली आणि काही ठिकाणी शेतीखाली गेलेली जमीन तिच्यात आली. तेथे रासामाला, पुस्पा, सानिन्तेन या स्थानिक वृक्षांची रोपे लावली जात आहेत. अशा जमिनीवर सावली काही वर्षांत परत येते आणि मातीचे आणखी वाळणे थांबते. कवकमुळे आणि बारीक मुळे यांनी भरलेला पाचोळ्याचा थर जमायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि तो जमेपर्यंत स्फुरदाचे चक्र पुरते फिरू लागत नाही. त्या मधल्या काळात रोपांना पायाशी आच्छादन आणि कंपोस्ट लागते, आणि तण काढताना पाचोळा जागीच ठेवावा लागतो.